दंडावरचा शुगर सेन्सर, ऐन गाळप हंगामात वापरलेला

सीजीएम, म्हणजे दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा शुगरचा सेन्सर, गेल्या हंगामात जानेवारीत लावला आणि मग दिवाळीच्या तोंडावर परत एकदा लावला, त्याचा हा रिव्ह्यू. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी भांडत बसायचं नाही, शिवाय बाजारात जे दोन-चार मिळतात त्यांचं तंत्र थोड्याफार फरकाने सारखंच आहे. डायबेटिस असून "पथ्य तर सगळं पाळतोय ओ डॉक्टर" असं दर तीन महिन्यांनी ज्यांना म्हणावं लागतं त्यांनी वाचा, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात अकाउंट्सला आहे. साखरेची नोकरी आणि साखरेचाच आजार हा विनोद आमच्याकडे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांनी करून झालाय, तुम्ही परत करू नका. टाइप टू आहे, गोळ्या चालू आहेत, रात्री भात बंद, चहा बिनसाखरेचा. तरी माझं कोडं असं होतं की लॅबमध्ये उपाशीपोटीची शुगर १२०-१२५ च्या आसपास यायची आणि एचबीएवनसी मात्र आठच्या वर. एचबीएवनसी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी, आणि आठ म्हणजे सरासरी १८३ होते. मग हे १८३ येतंय कुठून? घरात सरळ संशय माझ्यावर. "अहो, कारखान्यावर जाऊन काय काय खाता ते तरी एकदा सांगा." आता मी काहीच खात नाही हे कसं सिद्ध करायचं? यात एक बारीक गोष्ट अशी की मी लॅबला जायचो ते कायम रविवारी सकाळी, निवांत, झोप पूर्ण झालेली, फोन सायलेंटवर. हे महत्त्वाचं आहे, पुढे येईल.

तर डॉक्टर म्हणाले एकदा सेन्सर लावून बघू. सांगलीतल्या मेडिकलवाल्याने ऑर्डर देऊन मागवला, पाच हजारांच्या आसपास गेले. हा १४ दिवस चालतो, मग काढून टाकायचा, परत वापरता येत नाही, म्हणजे रोजचे साडेतीनशे धरा. दहाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा असतो, लावताना दाबायचं, टक्क आवाज येतो आणि झालं. सुई आत राहते असा बऱ्याच जणांचा समज आहे, तसं नाही, सुई लगेच बाहेर येते आणि केसासारखी बारीक लवचिक तार तेवढी कातडीखाली राहते, साधारण पाच मिलिमीटर. दुखतं का, तर बोटाला टोचण्यापेक्षा कमी, खरंच. पहिला तासभर काहीच दाखवत नाही, तो त्याचा वॉर्मअप. घ्यायच्या आधी तुमच्या मोबाईलवर त्याचं अ‍ॅप चालतंय का ते दुकानातच बघून घ्या, काहींना एनएफसी, म्हणजे फोन नुसता जवळ नेऊन आकडा वाचायची सोय, लागतं आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनला ते नसतं.

आता योगायोग बघा, आमच्याकडे पण १४ दिवसांचंच घड्याळ चालू असतं. ऊस आला की १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचे, पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर गेले पाहिजेत, नाही गेले तर वर १५ टक्क्यांनी व्याज, असा कायदाच आहे. साखर विकल्याशिवाय पैसा येत नाही, बँक उचल देताना हात आखडते, आणि फोन मात्र अकाउंट्सला, "भाऊसाहेब, पंधरवड्याचं बिल कधी पडायचं?" हा प्रश्न दिवसभर. त्यात जानेवारी म्हणजे गाळप फुल, ऑडिटवाले येऊन बसलेले. म्हणजे डॉक्टरांना माहीत नसताना त्यांनी टेन्शन मोजायला एकदम बरोबर पंधरवडा निवडला होता.

सुरुवातीचे काही दिवस जेवणाचेच आकडे बघत होतो. भाकरी, मेथी, आमटी खाल्ल्यावर वर जातंय, दोन-अडीच तासांत खाली येतंय, यात नवल काही नव्हतं. नवल झालं ते मीटिंगच्या दिवशी. सकाळी साडेआठला नेहमीचा नाष्टा, अकराला मीटिंगला जाताना फोन सेन्सरजवळ नेला तर १४४, बाण आडवा. मीटिंगमध्ये मी फक्त बिनसाखरेचा चहा घेतला, अर्धा कप, बशीतली बिस्किटं तशीच. विषय होता थकीत बिलं आणि एका खर्चाचं व्हाउचर सापडत नव्हतं ते. अर्ध्या तासात सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मला आतून कढ येत होते, कान गरम झालेले, हाताचे तळवे ओले, पण बोलताना "साहेब, बघून सांगतो" एवढंच. बाराला बाहेर आलो, जिन्यात उभं राहून स्कॅन केलं, १९८ आणि बाण वर. दहा-पंधरा मिनिटांनी परत, २१४. पोटात अन्नाचा कण नाही आणि जेवणानंतरच्यापेक्षा जास्त! मला वाटलं मशीन बिघडलं, कारखान्याच्या दवाखान्यात जाऊन बोटातून तपासलं तर २०६. म्हणजे मशीन बरोबर होतं. आणि व्हाउचर दुपारी सापडलं, दुसऱ्याच फायलीत होतं, कुणी ठेवलं ते आजपर्यंत कळलं नाही.

हे का होतं ते पुतणीने समजावलं, ती एमबीबीएसला आहे. ती म्हणाली, काका तुमच्या शरीराला चेअरमन आणि वाघ यातला फरक कळत नाही. धोका दिसला की अ‍ॅड्रेनालिन सुटतं, पाठोपाठ कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन, आणि हे सगळे मिळून लिव्हरला सांगतात की साखर सोडा, पळायला किंवा मारामारी करायला लागेल. लिव्हर म्हणजे आपल्या कारखान्याचं गोदामच समजा, तिथे साधारण शंभर ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात थप्पी लावून ठेवलेली असते, आणि अख्ख्या अंगातल्या रक्तात मिळून असते फक्त चार-पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा. त्यामुळे गोदामाचं दार नुसतं किलकिलं झालं तरी रक्तातला आकडा कुठच्या कुठे जातो. वर कॉर्टिसॉल इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. ज्यांना डायबेटिस नाही त्यांचं स्वादुपिंड लगेच जास्त इन्सुलिन सोडून हे निस्तरतं, आपलं ते आधीच दमलेलं. आणि पळायला सोडलेली साखर वापरायला आपण पळतो कुठे, खुर्चीत बसून "हो साहेब" म्हणतो.

तिनेच अजून एक सांगितलं ते मला फार आवडलं. हे काही आजकालचं संशोधन नाही, हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन नावाच्या शास्त्रज्ञाने १९११ मध्ये मांजरांवर दाखवलं होतं की नुसतं कुत्रं भुंकून घाबरवलं तरी त्यांच्या लघवीत साखर येते. आणि १९१३ मध्ये तिथल्या फुटबॉल टीमच्या २५ पोरांची लघवी अटीतटीच्या मॅचनंतर तपासली तर १२ जणांच्यात साखर, आणि त्यातले ५ तर राखीव खेळाडू, जे मैदानात उतरलेच नव्हते, नुसते बाहेर बसून बघत होते! मला हे पाच जण एकदम आपले वाटले. मीटिंगमध्ये आपण पण असेच, बाहेर बसून घाम गाळणारे.

मग मी काय केलं, अ‍ॅपमध्ये नोंद लिहायची सोय असते तिथे फक्त जेवण न लिहिता बाकीचं पण लिहायला लागलो. "बँकेचा फोन", "ऑडिट", "झोप कमी", "पोराचा पेपर", असं. हे केलं नाही तर सेन्सर घेऊन अर्धा उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नुसता ग्राफ बघून तुम्ही प्रत्येक डोंगराचा दोष भाकरीला देणार. नोंदी लावल्यावर चित्र बदललं. तोच नाष्टा, तोच चहा, पण रविवारी अकरा ते एक रेघ सरळ, १३०-१४० च्या मध्ये, आणि कामाच्या दिवशी त्याच वेळेला फुगवटा. १८० च्या वरचा वेळ मोजला तर निम्म्याच्या आसपास वेळ असा होता की ज्याच्या आधी मी काही खाल्लेलं नव्हतं. रविवारच्या लॅब रिपोर्टात हे कुठून दिसणार? घरात रिपोर्टची पीडीएफ दाखवली. "बरं, नसाल खात," एवढंच उत्तर मिळालं, पण तेवढं पण खूप झालं.

सकाळचा एक प्रकार पण कळला. रात्री झोपताना १२८ आणि काहीही न खाता पहाटे चारनंतर रेघ हळूहळू वर, सहाला १४६. हे टेन्शनचं नव्हे, हे बऱ्याच जणांना रोजचं असतं, उठायच्या सुमारास कॉर्टिसॉल आपोआप वाढतं म्हणून लिव्हर साखर सोडतं. पण ज्या रात्री बिलाच्या याद्या करत एक-दीड वाजला त्याच्या दुसऱ्या दिवशी हा चढ जास्त तीव्र आणि दुपारचं जेवण पण नेहमीपेक्षा जास्त चढलं. झोपेचा एवढा संबंध असेल असं वाटलं नव्हतं. गोळीचा डोस वाढवायच्या आधी झोप वाढवा असं डॉक्टर कायम म्हणायचे, आता आकड्यात दिसलं.

आमच्या शेती विभागातल्या एका सहकाऱ्यांनी माझं बघून सेन्सर घेतला, त्यांचं प्रकरण अजून वेगळं. ते फडावर फिरणारे, तोडीवरून रोज कुणाशी ना कुणाशी वाद. त्यांना हात थरथरणं, छातीत धडधड, घाम असं झालं की ते समजायचे शुगर लो झाली, आणि खिशातली चॉकलेट खायचे. आता गंमत अशी की शुगर लो झाल्यावर जे होतं आणि भांडणात जे होतं ते दोन्ही अ‍ॅड्रेनालिनचंच काम, लक्षणं हुबेहूब सारखी, अंगावरून ओळखणं अवघड. सेन्सर लावल्यावर बघतात तर वादाच्या वेळी १९०-२०० आणि वर चॉकलेट! पण उलटं पण एकदा झालं, उन्हात फिरून, जेवण चुकवून खरंच ६४ आलं, आणि त्यांना वाटलं होतं नुसतं डोकं तापलंय. त्यांना ग्लिमेपिराइडची गोळी आहे, त्यात जेवण चुकलं की लो व्हायची भीती असते. टेन्शन म्हणजे शुगर वाढणारच असं पण नाही हे लक्षात ठेवा, टेन्शनमध्ये माणूस जेवायचा विसरतो, गोळी मात्र घेतलेली असते. आणि टाइप वन वाल्यांमध्ये तर कुणाची वाढते, कुणाची उतरते. या एका गोष्टीसाठी, म्हणजे घाम आला तर तो घाबरल्याचा की शुगर उतरल्याचा हे कळायला, मला हे यंत्र पैसे वसूल वाटतं. सत्तरच्या खाली असेल तर गोड खायचं, नसेल तर पाणी पिऊन बसायचं.

आता तक्रारी. पहिला दिवस धरूच नका, आकडे वाटेल तसे येतात. दुसरं, हा रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं मागे असतो, शुगर झपाझप वर-खाली होत असेल तेव्हा बोटाच्या आणि याच्या आकड्यात फरक पडणारच. त्यावरून लोक लगेच फसवणूक फसवणूक करतात, तसं काही नाही, घरच्या ग्लुकोमीटरला पण १५ टक्के इकडे-तिकडे चालतं, तसं प्रमाणच आहे. तिसरं आणि सगळ्यात वाईट म्हणजे रात्रीचा अलार्म. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की तिथला दाब वाढतो आणि आकडा खोटाच खाली जातो. रात्री अडीचला मोबाईल बोंबलायला लागला, ५६! बायको साखरेचा डबा घेऊन हजर, आई उठली, शेजारच्या खोलीतून पोरगा. बोटातून तपासलं तर ११२. डबा परत ठेवला, पण धावपळीने माझी खरी शुगर त्यानंतर वाढायला लागली ती दीडशेपर्यंत, तो ग्राफ अजून ठेवलाय. तर दुसऱ्या कुशीवर झोपा, किंवा ज्या हातावर झोपत नाही त्यावर लावा. आणि खोटा लो आला म्हणून पुढच्या वेळी खऱ्या लोकडे दुर्लक्ष करू नका, बोटातून तपासाच.

चिकटपट्टी आपल्याकडच्या हवेला कमीच पडते. जानेवारीत टिकला, पण दिवाळीच्या आधीचा ऑक्टोबर हीटमध्ये घामाने कड सुटली, वर मायक्रोपोर लावून चालवला, शेवटी दाराच्या चौकटीला घासून निघालाच. कस्टमर केअरला फोन केला, नंबर सांगा, फोटो पाठवा, परत नंबर सांगा, परत तेच दुसऱ्या माणसाला सांगा. बदलून दिला, नाही असं नाही, पण तोपर्यंत माझा मूळ पंधरवडा संपला होता. आणि त्या फोनच्या वेळी सेन्सर अंगावर नव्हता म्हणून बरं, नाहीतर त्याचा पण ग्राफ आला असता. अ‍ॅपमध्ये मराठी नव्हतं, आमच्या आईसारख्या माणसाला हे एकटीने जमणार नाही. अजून एक, व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर काही सेन्सर आकडा जास्त दाखवतात, पाकिटातला कागद वाचा, आणि एमआरआय, सीटी स्कॅन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एक दोष मात्र यंत्राचा म्हणायचा की माणसाचा ते ठरवा. सारखं बघायची सवय लागते. मी जेवताना, गाडीत, सिग्नलला, संडासात सुद्धा बघायला लागलो होतो. आकडा वाढला की टेन्शन, टेन्शनने आकडा वाढतो, आणि हे चक्र चालू. डॉक्टरांनी सांगितलं की हाय अलार्मची मर्यादा वर न्या, दिवसातून ठरावीक वेळाच बघा, लो चा अलार्म तेवढा राहू द्या. ते केलं तेव्हा कुठे शांत झालो. मुळात चिंता करायचा स्वभाव असेल तर कायम लावून फिरू नका असं मी सांगेन, दोनदा-तीनदा वर्षातून लावा, शिकायचं ते शिका आणि काढा.

उपयोग काय झाला ते सांगतो. मीटिंग संपली की जागेवर न बसता उसाच्या वजनकाट्यापर्यंत चालत जाऊन येतो, पंधरा-वीस मिनिटं. याचा परिणाम ग्राफवर सरळ दिसतो, रेघ वाकून खाली येते, कारण चालताना स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता साखर ओढून घेतात. फक्त चालायचंच, उगाच जिने पळत चढू नका, फार जोराच्या व्यायामाने काही जणांची शुगर उलट आधी वाढते, पुन्हा तेच अ‍ॅड्रेनालिन. श्वासाचे व्यायाम, अनुलोम-विलोम पण केलं, माझ्या आकड्यात लगेच फार फरक दिसला नाही, झोपेला मात्र मदत झाली असं वाटतं. बिलाच्या चौकशीचे फोन घ्यायची वेळ ठरवून टाकली, तीन ते पाच, बाहेर बोर्ड लावला. शेतकरी थोडे नाराज झाले पण वेळेला फोन उचलला जातो म्हटल्यावर ते पण रुळले. यानंतरचा एचबीएवनसी ७.३ आला, यात नवीन गोळीचा पण वाटा आहे, सगळं श्रेय सेन्सरला देणार नाही. आणि ग्राफ बघून स्वतःच्या मनाने डोस कमी-जास्त करायचा नाही, ऑडिटच्या एका दिवसासाठी वाढवलेली गोळी रविवारी लो करेल.

कुणी घ्यावा? इन्सुलिनवर असाल तर डॉक्टरांशी बोलून जरूर. गोळ्यांवर असाल आणि माझ्यासारखे रिपोर्टचे आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर एकदा घ्या, पण लग्नाच्या, सुट्टीच्या, गावाला जायच्या पंधरवड्यात लावू नका, रोजच्या कटकटीत लावा, तेव्हाच खरं कळतं. गोव्यातल्या मंडळींना खास सांगतो, आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या सर्व्हेत डायबेटिसचं प्रमाण सगळ्यात जास्त तुमच्याकडे निघालं, २६.४ टक्के, तेव्हा निदान साधी तपासणी तरी करून घ्या. ज्यांचे सगळे आकडे सरळ आहेत, डायबेटिस नाही, त्यांनी इन्स्टाग्राम बघून पाच हजार घालवायची काही गरज नाही, एवढ्या पैशात चांगले बूट येतात चालायला.

पाचपैकी साडेतीन. एक अलार्म आणि चिकटपट्टीला कापला, अर्धा कस्टमर केअरला. मी पुढचा जूनमध्ये लावणार आहे, गाळप बंद असताना, ऑफ सीझनचा ग्राफ बघायचाय. घेताना खोक्यावरची एक्स्पायरी बघून घ्या, मेडिकलमध्ये याला फार गिऱ्हाईक नसतं त्यामुळे जुना माल पडून असतो, मला पहिल्यांदा दाखवलेल्याला महिनाच राहिला होता, तो परत करून दुसरा मागवला.